पॉलिश बिघडलं तर आधी ऋतू पाहा

विदर्भात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात आणि त्याच्या पंधरा दिवस आधी घरातल्या लाकडी सामानाला पॉलिश करून घ्यायची घाई सुरू होते. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, वणी, उमरखेड, कुठल्याही जुन्या घरात गेलात तर बैठकीत सागवानी बंगई, म्हणजे झोपाळा, असते, कोपऱ्यात आजोबांची आरामखुर्ची, भिंतीला काचेची आलमारी, आत देव्हारा. पॉलिशवाला येतो, दोन दिवस घासतो, चार हात मारतो. संध्याकाळी लाकूड आरशासारखं चमकतं आणि सकाळी उठून पाहावं तर त्यावर पांढुरकी साय आलेली. मग कोणी स्पिरिटला दोष देतं, कोणी कारागिराला, कोणी चपड्याला, म्हणजे लाखेला. माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा दोष पंचांगाचा असतो. लाखेच्या पॉलिशसाठी भाद्रपदाइतका वाईट महिना दुसरा नाही, आणि आपण नेमका तोच धरतो.

यवतमाळचं हवामान लाकडाला दोन्ही टोकांना ओढतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि दुपारची हवा तोंड कोरडं पाडते. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच घरात पापड सादळतात. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, त्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं. सागवान त्यातल्या त्यात शांत लाकूड आहे. तरीही अठरा इंच रुंदीची फळी उन्हाळा आणि पावसाळा यांच्यामध्ये दोन ते चार मिलिमीटर सहज हलते. वर मारलेल्या पॉलिशला या हालचालीबरोबर राहायचं असतं. म्हणून आपल्याकडे कोजागिरी ते होळी हे पॉलिशचे खरे दिवस. त्यातही दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने सर्वांत चांगले. हे जमलं तर खाली सांगितलेल्या निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

आधी ओळखा, मग हात लावा

बिघडलेलं पॉलिश दिसलं की त्यावर आणखी एक हात मारायचा मोह होतो. तो टाळा. दोष झाकला जात नाही, उलट आत कोंडला जातो. पहिल्यांदा दोन प्रश्नांची उत्तरं काढायची: वस्तूवर सध्या काय लावलेलं आहे, आणि दोष पॉलिशच्या वर आहे, पॉलिशच्या आत आहे की लाकडात आहे.

पहिल्याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. खालच्या किंवा मागच्या, न दिसणाऱ्या जागी कापसाचा छोटा बोळा पॉलिशच्या स्पिरिटमध्ये भिजवून अर्धा मिनिट दाबून धरा. जागा चिकट झाली, बोळ्यावर तांबूस रंग उतरला, तर ते लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश. काहीच झालं नाही तर शेजारी एनसी थिनरचा बोळा ठेवा. त्याने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाईन, पीयू किंवा जुनं तेली वार्निश समजा. नखाने खरवडल्यावर नखात मऊ मळ आला आणि टर्पेंटाईनने तो पुसला गेला, तर वर मेण आहे. साधारण १९८० च्या आधीच्या घरगुती सामानावर आपल्याकडे बहुधा लाखच असते. पण मधल्या काळात कोणी हौसेने काय फासलं असेल ते सांगता येत नाही, म्हणून चाचणी चुकवू नका.

दुसऱ्या प्रश्नासाठी टर्पेंटाईन कामाला येतं. डागावर थोडं चोळा. ओलं असेपर्यंत डाग किंवा ओरखडा दिसेनासा झाला तर दोष वरच्या थरात आहे, आणि वरवरच्या उपायाने जाईल. तसाच दिसत राहिला तर तो खोल आहे. डागाचा रंगही बोलतो. पांढरा डाग म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेली ओल. काळा डाग म्हणजे ओल थर ओलांडून लाकडापर्यंत पोचली आणि तिथे लोखंडाशी किंवा बुरशीशी तिची गाठ पडली. पांढऱ्यावर वरून इलाज होतो. काळ्यासाठी पॉलिश उतरवावंच लागतं.

पांढरी साय

स्पिरिट उडून जाताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातं, पृष्ठभाग गार पडतो. हवा दमट असेल तर त्या गार थरावर बाष्प धरतं आणि लाखेत अडकतं. तेच आपल्याला पांढरं दिसतं. पावसाळ्यात हे होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यातही होतं, हे मात्र लक्षात येत नाही. कारण घरात कूलर चालू असतो. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आणि आपण ज्या खोलीत पॉलिश वाळवतो तिथे वाळ्याच्या जाळीतून ओल ओतत असतो. पॉलिश चालू असताना आणि त्यानंतर रात्रभर त्या खोलीतला कूलर बंद ठेवा. पंखाही थेट वस्तूवर नको, तो धूळ आणून बसवतो.

साय आलीच तर घाई करू नका. उघाडीचा कोरडा दिवस येऊ द्या. मलमलच्या फडक्यात कापूस गुंडाळून बोळा करा, त्यावर स्पिरिटचे मोजके थेंब घ्या आणि तो गालाला लावून पाहा. गार लागला पाहिजे, ओला लागता कामा नये. मग लाकडाच्या रेषेच्या दिशेने, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, कुठेही न थांबता हलका हात फिरवा. बोळा टेकवताना आणि उचलताना हालचाल चालूच हवी. थांबलात की तिथे पॉलिश उकलतं आणि बोटभर खड्डा पडतो. वरचा थर किंचित मऊ होतो, अडकलेली ओल बाहेर पडते, आणि साय डोळ्यांदेखत विरते. दोनदा-तीनदा करावं लागलं तर मध्ये अर्धा तास जाऊ द्या.

लॅकरवर हाच उपाय मंद थिनरने, म्हणजे दुकानात ज्याला रिटार्डर म्हणतात त्याने, अगदी पातळ फवारा मारून होतो. मेलामाईन आणि पीयू एकदा पिकले की कुठल्याच द्रावकाने मागे येत नाहीत. तिथे ३२० किंवा ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पांढरा थर घासून काढायचा आणि कोरड्या दिवशी नवा हात द्यायचा.

गरम कपाने उठलेलं पांढरं वर्तुळ हीच तक्रार छोट्या आकारात. लाखेवर ते स्पिरिटच्या बोळ्याने जातं. बोळा फिरवायचा धीर होत नसेल तर शेणीची राख वस्त्रगाळ करून दोन थेंब खोबरेलात कालवा आणि बोटाने वर्तुळावर हळू चोळा. पाणी लावायचं नाही. चमक थोडी कमी होईल, ती नंतर मेणाने येते.

सायीचं आणखी एक कारण बाटलीत असतं. स्पिरिट हवेतलं पाणी शोषून घेतं. झाकण सैल राहिलेला, पावसाळाभर पडून असलेला डबा पॉलिशला वापरू नका, साफसफाईला ठेवा. आणि एक सावधगिरी: या स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकतं. खोली हवेशीर हवी, जवळ पेटती शेगडी किंवा देवापुढचा दिवा नको, आणि पाण्याच्या बाटलीत ते भरून ठेवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

बंगईच्या कड्यांभोवतीचे काळे डाग

जुन्या बंगईवर हे डाग जवळजवळ हमखास असतात. फळीच्या चारही कोपऱ्यांना, जिथे लोखंडी कडी किंवा तिचा आटा लाकडातून गेलेला असतो, तिथे शाई सांडल्यासारखा निळसर काळा पट्टा दिसतो. सागात टॅनिन असतं, बाभळीत तर त्याहून किती तरी जास्त. ओल, लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुनी लिहायची शाई याच रसायनाने बनत असे. हा रंग तंतूंच्या आत असतो. कितीही घासा, खड्डा पडेल पण डाग राहील.

उपाय ऑक्झॅलिक ॲसिडचा. रसायनांच्या दुकानात पांढऱ्या खड्यांच्या रूपात मिळतं. आधी बंगई उतरवा, कड्या आणि पट्ट्या काढून घ्या, स्पिरिटने जुनं पॉलिश पूर्ण उतरवा. पॉलिशखाली ॲसिड पोचत नाही. मग प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर गरम पाण्यात साठ ते ऐंशी ग्रॅम खडे विरघळवा. धातूचं भांडं चालणार नाही. नायलॉनच्या ब्रशने हे पाणी फक्त डागावर न लावता संपूर्ण फळीवर लावा. नुसत्या डागावर लावलं तर काळ्याच्या जागी फटफटीत ठिपका उरतो आणि तो आणखी नजरेत भरतो. वाळू द्या. डाग तासाभरात फिका पडायला लागतो. हट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा लावा.

पुढची पायरी लोक गाळतात आणि नंतर पॉलिशवर पांढरी भुकटी आली म्हणून तक्रार करतात. ॲसिड धुऊन काढायचं असतं. स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा, मग चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने एकदा, शेवटी पुन्हा साध्या पाण्याने. वाळताना पृष्ठभागावर खडे दिसले तर ते कोरडे घासू किंवा झटकू नका. ही भुकटी श्वासात जाणं धोक्याचं आहे आणि पोटात गेली तर मूत्रपिंडाला इजा करते. हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क हवेच. अंगणात काम करत असाल तर धुतलेलं पाणी गाईगुरांच्या हौदाकडे जाणार नाही एवढं पाहा. फळी सावलीत दोन-तीन दिवस वाळली की तंतू उभे राहिलेले जाणवतील. २२० नंबरच्या पेपरने हलकेच बसवा आणि मग पॉलिश.

कड्या परत लावताना त्यांचा गंज काढून त्यांना लॅकरचा हात द्या, किंवा मध्ये पितळी वॉशर घाला. फळी हातात आहेच तर कडीच्या भोकापासून टोकाकडे चीर गेली आहे का तेही बघून घ्या. वर चार माणसं बसतात. पॉलिशपेक्षा ती चीर महत्त्वाची आहे.

लोखंड आणि टॅनिनच्या याच मेळामुळे सागवान घासायला लोखंडी काथ्या वापरू नका. त्याचे तुकडे छिद्रांत अडकतात आणि पहिल्या पावसाळ्यात सगळीकडे मिरीएवढे काळे ठिपके उठतात. चपडा भिजवायलाही काचेची बरणी घ्यावी. लोखंडी डब्यात लाख काळवंडते.

आरामखुर्चीची पाठ

खुर्चीचे हात आणि डोकं टेकायची पट्टी. इथे पॉलिश चिकट, काळपट झालेलं असतं. वर्षानुवर्षांचं डोक्याचं तेल आणि घाम लाखेला मऊ करतात आणि मग लाकडात उतरतात. कारागीर वरून घासतो, नवं पॉलिश लावतो, आणि त्यावर माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. पॉलिश तिथून मागे सरतं, बसतच नाही. फवाऱ्याच्या डब्यातलं चकचकीत करणारं सिलिकॉन वापरलेलं असेल तर आलमारीच्या दारावरही हेच होतं.

अशा जागेवरचं पॉलिश उतरवल्यावर टर्पेंटाईनने भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि फडकं सतत बदला. तेच फडकं फिरवत राहिलात तर तेल फक्त एका जागेवरून दुसरीकडे जातं. तरी लाकूड तेलकट वाटलं तर खडूची भुकटी थिनरमध्ये कालवून जाड लेप द्या, वर प्लॅस्टिक अंथरा. काही तासांनी प्लॅस्टिक काढा आणि लेप कोरडा होऊ द्या. थिनर तेल विरघळवतो, खडू ते वर ओढून घेतो. लेप झटकल्यावर तो पिवळट दिसला तर तेल निघतंय असं समजा आणि पुन्हा द्या. फार जुन्या खुर्चीला तीन-चार वेळाही लागतील. यानंतरचा पहिला हात बिनमेणाच्या पातळ लाखेचा. उरलंसुरलं तेल त्याच्याखाली बंद होतं.

बिनमेणाची लाख वेगळी विकत आणायची गरज नाही. पातळ द्रावण बरणीत काही दिवस न हलवता ठेवा. मेण गढूळ थर होऊन खाली बसतं, वरची तांबूस नितळ लाख अलगद दुसऱ्या बरणीत काढून घ्या. प्रमाण सांगायचं तर लिटरभर स्पिरिटमध्ये सव्वाशे ग्रॅम चपडा म्हणजे पातळ, अडीचशे म्हणजे मध्यम. सुरुवातीला आणि शेवटी पातळच.

वाळतच नाही

बोट लावलं की ठसा उमटतो, आठ दिवस झाले तरी. याची कारणं तीन-चार असतात आणि पहिलं चपड्यातच सापडतं. स्पिरिटमध्ये भिजवलेली लाख कायम टिकत नाही. हळूहळू तिचं स्पिरिटशीच रासायनिक संयुग होतं आणि ती घट्ट वाळेनाशी होते. सहा महिन्यांपेक्षा जुनं द्रावण वापरण्याआधी काचेवर दोन थेंब टाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी नखाला कडक लागलं तर घ्या. चिकट लागलं तर फेका. सुका चपडाही आपल्या उन्हाळ्यात जपावा लागतो. पत्र्याच्या खोलीत ठेवला तर पापुद्रे चिकटून ढेप बनते आणि मग तो धड विरघळत नाही. गोंदियाकडची लाख हिवाळ्यात लागेल तेवढीच आणावी. पळस आणि बोरावरची रंगीनी लाख गडद असते, कुसुमावरची कुसुमी फिकी. जुन्या गडद सागावर रंगीनी शोभते. नव्याने रंधलेल्या, उजळ लाकडावर कुसुमी घ्या.

दुसरं कारण जवसाचं तेल. जवस आपल्या भागातलं पीक, घाणीचं तेल घरात असतं, आणि लाकडाला जवसाचं तेल चांगलं हे कोणीतरी सांगितलेलं असतं. सांगणारा चूक नाही. पण खाण्याचं कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं, आणि जाड थर दिला तर महिनोन् महिने चिकट राहून धूळ धरतं. लाकडासाठी हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल घ्या. अगदी पातळ लावा, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून टाका. आधीच चिकट झालेलं असेल तर टर्पेंटाईनने चोळून थर काढा आणि कोरड्या हवेत वाट पाहा.

तेलाने भिजलेल्या चिंध्यांबद्दल नीट ऐका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि काडी न लावता तो पेट घेऊ शकतो. इथे मे महिना, सुती चिंध्या, शेजारी स्पिरिटचा डबा, आणि बऱ्याच घरांत कापसाची गाठोडी. चिंध्या दोरीवर एकेक करून पसरा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. यात टाळाटाळ नको.

तिसरं कारण खुद्द लाकूड. सागाला वाळवी लागत नाही ती ज्या नैसर्गिक द्रव्यांमुळे, त्यांतलीच काही तेली वार्निशचं आणि एका डब्यात येणाऱ्या पीयूचं वाळणं अडवतात. शिसवातही हे आहे. पॉलिश लावायच्या अर्धा तास आधी एनसी थिनरने पृष्ठभाग पुसा, नाहीतर बिनमेणाच्या लाखेचा एक हात द्या. त्यावर दुसरं काहीही बसतं आणि वाळतं.

मेलामाईन मऊ राहिलं तर हार्डनर कमी पडला. फार कडक होऊन केसासारख्या चिरा पडल्या तर जास्त पडला. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. मोजपात्राने मोजा, अंदाजाने ओतू नका. दोन डब्यांच्या पीयूचा हार्डनर ओलीशी लगेच भांडतो आणि बुडबुडे सोडतो. पावसाळ्यात त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

फोड, सुरकुत्या, पापुद्रे

उन्हातून आत आणलेल्या लाकडावर लगेच पॉलिश केलं की छिद्रांतली हवा फुगते आणि वर बुडबुडे धरते. वस्तू आदल्या रात्री आत घ्या आणि उन्हाळ्यात काम सकाळी नऊच्या आत उरका. दुपारी स्पिरिट बोळ्यातच वाळतं, बोळा अडखळतो, ओरबाडतो. त्यावर तेलाचा थेंब घेण्याची पद्धत आहे, पण थेंब म्हणजे थेंबच. जास्त झालं की दोन दिवसांनी ते वर येतं आणि लाकूड धुरकट दिसतं. हेही जवळजवळ कोरड्या स्पिरिटच्या बोळ्याने निघतं.

सुरकुत्या पडतात त्या थिनरच्या मालाखाली जुना ऑईल पेंट असला की. थिनर खालच्या थराला फुगवतो आणि सगळं चुरगळतं. यावर दुरुस्ती नाही, दोन्ही थर उतरवायचे. पापुद्रे सुटणं बहुधा मेणाचं काम: लाखेतलं मेण किंवा वर लावलेलं मेण तसंच ठेवून त्यावर मेलामाईन मारलेलं असतं. वर्षभर छान दिसतं आणि मग जेवणाच्या टेबलाच्या कडेपासून सुटायला लागतं. सुटलेल्या जागेपुरतं लावून भागत नाही, कारण तिथली कड कायम दिसते.

रंग उतरवताना दोन गोष्टी. कॉस्टिक सोड्याने काम झटपट होतं म्हणून काही जण तो वापरतात. साग त्याने काळवंडतो, सांधे खिळखिळे होतात. नको. आणि जुन्या पलंगावर किंवा दारावर हिरवा-निळा ऑईल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम भारतात २०१६ साली आला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या घरात उडवणं योग्य नाही. रंग उतरवण्याचं रसायन लावून, ओला असतानाच खरवडून, कागदात गुंडाळून टाका. हे रसायनही उघड्यावरच वापरायचं.

रंग डाग-डाग बसला

घासण्यात फरक पडला की रंगात फरक पडतो. १२० मग १८० मग २२०, सगळीकडे सारखं, रेषेच्या दिशेने. आडव्या ओरखड्यात रंग जास्त मुरतो आणि ओरखडा पॉलिशखालून हाक मारतो. रात्री दिवे मालवून टॉर्च फळीला समांतर धरा, दिवसा न दिसलेलं सगळं दिसेल. सांध्याजवळ फेव्हिकॉल पुसलेला असतो तिथे रंग धरत नाही; टर्पेंटाईनने ओलं केल्यावर तो ठिपका फिका दिसतो, पटाशीने हलकेच काढा. फळीचं तोंड, म्हणजे कापलेली कड, नेहमी जास्त रंग पिते. तिथे आधी पातळ लाख द्या किंवा एक नंबर बारीक पेपर मारा.

लांबी (पुटी) भरताना तिचा रंग कोरड्या लाकडाशी जुळवू नका. लाकूड टर्पेंटाईनने ओलं करा आणि त्या रंगाशी जुळवा, कारण पॉलिशखाली लाकूड तसंच दिसणार आहे. पिवडी, गेरू आणि चिमूटभर काजळी यांतून जुन्या सागाची जवळपास कुठलीही छटा मिळते.

सगळंच सागवान नसतं हेही लक्षात असू द्या. आपल्या जंगलात बिजाही आहे, आणि जुन्या घरांत त्याच्या फळ्या सापडतात. पाणी लागलं की बिजा पिवळा-तांबूस रंग सोडतो. त्यावर पाण्यातली लांबी किंवा पाण्याचा रंग लावला तर शेजारची पांढरी पट्टीही रंगते. तिथे स्पिरिटचंच काम करावं.

फटी आणि भुसा

आलमारीच्या दाराच्या चौकटीत बसवलेली फळी उन्हाळ्यात आकसते आणि कडेला बिनरंगाची पांढरी रेघ उघडी पडते. ती फट लांबीने भरू नका. पावसाळ्यात फळी फुगेल तेव्हा तिला जागा मिळणार नाही आणि चौकटीचं कुसू उचकटेल. फळी मोकळी राहू द्या, फक्त उघड्या पडलेल्या रेघेला ब्रशच्या टोकाने रंग आणि पॉलिश द्या. हे काम मात्र मे महिन्यातच करायचं, कारण तेव्हाच रेघ पूर्ण दिसते.

खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर ती कीड सहसा पांढऱ्या भागातली, म्हणजे सालीलगतच्या कच्च्या लाकडातली. सागाचा गाभा ती खात नाही. पॉलिशच्या आधी, लाकूड उघडं असताना भोकांत सुईने कीडनाशक सोडा, महिनाभर थांबा, नवा भुसा पडला नाही तरच भोकं बुजवा.

एवढं सांगून झाल्यावर हेही सांगतो: घासायला काढलेल्या बऱ्याच वस्तूंना घासण्याची गरजच नसते. टर्पेंटाईनने मळ आणि मेण काढलं, कोमट साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेल्या फडक्याने पुसलं, वाळवून पातळ लाखेचे दोन हात दिले की पन्नास वर्षांची छटा जिवंत होते. व्यापारात ज्याला सीपी टीक म्हणतात ते मध्य भारतातलं सागवान कोरड्या रानात सावकाश वाढलेलं असतं, त्याच्या गडद रेषा आणि वर्षांनी आलेला मधाळ रंग पुन्हा मिळवता येत नाही. घासायच्या मशीनने तो रंग दहा मिनिटांत भुसा होऊन खाली पडतो, आणि देव्हाऱ्याच्या कोरीव कडा बोथट होतात त्या वेगळ्याच.

शेवटचा हात दिल्यावर वस्तू चोवीस तासांत हाताला कोरडी लागते, पण आतून पिकायला आठवडा-दोन आठवडे घेते. तोवर तिच्यावर गरम भांडं नको, काच नको, आणि नव्या टेबलावर अंथरतात तो प्लॅस्टिकचा फुलाफुलांचा कागद तर कधीच नको. प्लॅस्टिक मऊ ठेवण्यासाठी त्यात घातलेलं द्रव्य लाखेत आणि लॅकरमध्ये उतरतं आणि कागद पॉलिशला चिकटून बसतो. ओढून काढला की पॉलिश त्याच्याबरोबर येतं. अंथरायचंच असेल तर सुती कापड घाला.